प्रमाणपत्र, परवाना आणि अनुभव : अधिकृत वीजतंत्री होण्याची वाट

दहावीचा निकाल लागला, की राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये म्हणजेच आयटीआयमध्ये प्रवेशासाठी धावपळ सुरू होते. वीजतंत्री अर्थात इलेक्ट्रिशियन या व्यवसाय अभ्यासक्रमाला विद्यार्थ्यांची नेहमीच पसंती असते. दोन वर्षांचे शिक्षण, तुलनेने अल्प शुल्क आणि हाताला कायम काम, असे त्यामागचे साधे गणित. मात्र आयटीआयचे प्रमाणपत्र हाती पडले म्हणजे वायरिंगची कामे घेण्याचा परवाना मिळाला, अशी समजूत विद्यार्थ्यांत, पालकांत आणि बहुसंख्य ग्राहकांतही आढळते. ती समजूत चुकीची आहे. प्रमाणपत्र शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगते. कोणाच्या घरातील वा कारखान्यातील वीजसंच मांडणीचे काम करण्याचा अधिकार मात्र राज्य शासनाच्या परवान्यातून मिळतो. या दोहोंमधील अंतर अनुभवाने भरून काढावे लागते. ते कसे, याचा हा आढावा.

कायदा काय सांगतो

वीजसंच मांडणीचे काम कोणी करावे, हे देशात फार पूर्वीपासून नियमबद्ध आहे. भारतीय विद्युत अधिनियम, १९१० अन्वये केलेल्या भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ हा त्याचा आधार होता. पुढे विद्युत अधिनियम, २००३ लागू झाला. त्यातील कलम ५३ सुरक्षिततेच्या तरतुदींविषयी, तर कलम १६२ विद्युत निरीक्षकांच्या नियुक्तीविषयी आहे. या अधिनियमानुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा विनियम केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कायदे बदलले, तरी नियम ४५ चे मूळ सूत्र कायम राहिले आहे.

हे सूत्र असे : ग्राहकाच्या जागेतील वीजसंच मांडणीचे कोणतेही काम, त्यात नवी वायरिंग, वाढीव काम, फेरबदल व दुरुस्ती हे सारे आले, राज्य शासनाने परवाना दिलेल्या विद्युत ठेकेदारामार्फतच झाले पाहिजे. ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे आणि हाताने काम करणाऱ्या कारागिराकडेही शासनाचा परवाना असला पाहिजे. दिवा, पंखा, फ्यूज, बटन किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारख्या किरकोळ कामांना यातून सूट आहे. पण त्यासाठी संच मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे जळलेला बल्ब कोणीही बदलावा. परंतु जुन्या घरात वातानुकूलन यंत्रासाठी स्वतंत्र वायर ओढणे हे परवानाधारकाचे काम ठरते.

याच नियमाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. वरील अट मोडून केलेल्या मांडणीत वीज सोडता येत नाही आणि ती वीजपुरवठादाराच्या यंत्रणेला जोडताही येत नाही. नव्या वीजजोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागितला जातो, तो यामुळेच.

तीन कागद, तीन जबाबदाऱ्या

व्यवहारात ‘इलेक्ट्रिशियनचे लायसन’ असा एकच शब्दप्रयोग केला जातो. प्रत्यक्षात या क्षेत्रात तीन वेगवेगळे कागद आहेत आणि प्रत्येकाची जबाबदारी निराळी आहे.

पहिला, तारतंत्री अथवा वायरमन परवाना. हा हाताने काम करणाऱ्या कारागिराचा. त्याच्या आधारे परवानाधारक ठेकेदाराकडे, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली वायरिंगचे काम करता येते. दुसरा, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र. काम नियमाप्रमाणे होत आहे की नाही, हे पाहणे आणि चाचण्या घेणे ही पर्यवेक्षकाची जबाबदारी. तिसरा, विद्युत ठेकेदाराचा परवाना. काम स्वतःच्या नावावर घेण्याचा, ग्राहकाशी करार करण्याचा आणि चाचणी अहवालावर स्वाक्षरी करून वीजपुरवठादाराला उत्तर देण्याचा अधिकार या परवान्यातून मिळतो.

महाराष्ट्रात हे परवाने देण्याची यंत्रणा मुख्य विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीत असून, त्यासाठी अनुज्ञापक मंडळ आहे. अन्य राज्यांतही अशीच मंडळे आहेत. परवाना देणे हा राज्याचा विषय असल्याने पात्रता, अनुभवाची मुदत, परीक्षा व शुल्क यांचे तपशील राज्यागणिक बदलतात. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात मान्य आहे की नाही, हे त्या त्या राज्याच्या मंडळाकडून आधी जाणून घ्यावे लागते.

प्रशिक्षणाची दोन वर्षे

या क्षेत्रात शिरण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग आयटीआयचा. केंद्र शासनाची शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून सुरू आहे. महाराष्ट्रातील संस्थांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते आणि प्रवेश केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन अर्जाद्वारे होतात. वीजेशी थेट संबंधित असे दोन प्रमुख व्यवसाय आहेत, वीजतंत्री आणि तारतंत्री. दोहोंचा कालावधी दोन वर्षांचा. वीजतंत्री अभ्यासक्रमासाठी गणित व विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. तारतंत्री अभ्यासक्रमाचे दार आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही खुले ठेवण्यात आले आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवेश घेता येतो.

पहिल्या वर्षाचा आरंभ सुरक्षिततेने होतो. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला विद्युतप्रवाहापासून दूर कसे करावे, कृत्रिम श्वासोच्छ्वास कसा द्यावा, आग लागल्यास काय करावे, हे शिकविल्यानंतर हत्यारांची ओळख होते. तारांचे जोड, डाखकाम, ओहमचा नियम, घरगुती वायरिंग, अर्थिंग, बॅटरी, मोजमापाची उपकरणे व ट्रान्सफॉर्मर हे पुढचे टप्पे. दुसऱ्या वर्षी मोटारी, स्टार्टर, जनित्रे, वाइंडिंग, नियंत्रण पॅनेल, इन्व्हर्टर आणि सौरऊर्जा यांसारख्या विषयांकडे अभ्यासक्रम वळतो. वीजतंत्री अभ्यासक्रमात यंत्रांवर, तर तारतंत्री अभ्यासक्रमात वायरिंगच्या कामावर अधिक भर असतो. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित संस्थेतील तो अभ्यासक्रम राष्ट्रीय पातळीवर संलग्न आहे ना, याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. जाहिरातींमधून ‘तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन’ बनविण्याची हमी देणारे वर्ग अनेक आहेत. तेथे काही कौशल्ये शिकता येत असतीलही. पण त्या प्रमाणपत्रावर परवाना मिळेल काय, हा प्रश्न शुल्क भरण्याआधी विचारायला हवा. दोन वर्षे व घरची पुंजी खर्च केल्यानंतर हे कळणे फार महागात पडते.

दहावीनंतर तीन वर्षांची विद्युत अभियांत्रिकी पदविका आणि बारावीनंतर चार वर्षांची पदवी हे अन्य दोन मार्ग. त्यांचा ओघ प्रामुख्याने पर्यवेक्षकाच्या व अभियंत्याच्या कामाकडे असतो. आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही पात्रतेनुसार पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्यामुळे आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे मानण्याचे कारण नाही.

शिकाऊ उमेदवारी का हवी

आयटीआयच्या कार्यशाळेत भिंतीऐवजी लाकडी फळी असते, गळके छत नसते आणि घाई करणारा ग्राहकही नसतो. चुकीची जोडणी शिक्षकाच्या नजरेखाली सुधारता येते. प्रत्यक्ष कामाच्या जागी परिस्थिती वेगळी असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची वायरिंग, कोणत्या पाइपातून कोणती तार गेली याचा नकाशा नाही, मधल्या काळात तीन-चार जणांनी केलेली जोडाजोड आणि लाल तारेच्या जागी वापरलेली काळी तार! हे वाचायला शिकविते ती उमेदवारी.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये आस्थापनांना उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. आयटीआय उत्तीर्ण वीजतंत्री वीज कंपन्या, रेल्वे, एसटीच्या कार्यशाळा व खासगी कारखान्यांमध्ये उमेदवारी करतात. ती पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. परवान्याच्या आणि नोकरीच्या अर्जात या प्रमाणपत्राला स्वतंत्र वजन आहे. विद्यावेतन कमी आहे, म्हणून उमेदवारी टाळून थेट कामाला लागण्याकडे अनेकांचा कल असतो. पुढे अनुभवाचा पुरावा मागितला जातो, तेव्हा या निर्णयाची किंमत कळते.

अनुभव मोजायचा कसा

परवान्याच्या वाटेवर अनेकांचे पाऊल अडते ते अनुभवाच्या दाखल्यापाशी. शासकीय मंडळाच्या दृष्टीने ‘अनुभव’ म्हणजे केवळ इतकी वर्षे काम केले, असे म्हणणे नव्हे. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडे किंवा मान्य आस्थापनेत झाले होते काय, त्यावर पात्र व्यक्तीची देखरेख होती काय, कामाचे स्वरूप काय होते आणि तसा दाखला कोणाच्या स्वाक्षरीने मिळाला आहे, हे पाहिले जाते. आयटीआय न करता लहानपणापासून एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली तयार झालेला कारागीर कामात कितीही वाकबगार असला, तरी त्याचा मिस्त्रीच विनापरवाना असेल तर दाखला देणार कोण? वर्षानुवर्षांचा अनुभव असा कागदावर शून्य ठरतो.

म्हणून या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या तरुणाने पहिल्या दिवसापासून काही पथ्ये पाळावीत, असे या पद्धतीतून स्पष्ट होते. कामाला लागताना ठेकेदाराचा परवाना क्रमांक व मुदत पाहावी. कामाच्या तारखा, ठिकाण व स्वरूप यांची वही ठेवावी. नोकरी सोडतानाच अनुभवाचा दाखला घ्यावा. वेतन बँकेत जमा होत असेल, तर तोही एक पुरावा ठरतो.

काही देशांत हा हिशेब तासांत मांडला जातो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्वतंत्रपणे काम करू शकणाऱ्या ‘जर्नीमन’ वीजतंत्र्याच्या परवान्यासाठी ज्येष्ठ परवानाधारकाच्या देखरेखीखाली ८,००० तासांचे काम आणि परीक्षा आवश्यक असते. रोजचे आठ तास व वर्षाचे २५० दिवस धरले, तर ही चार वर्षे होतात. त्यावरच्या ‘मास्टर’ परवान्यासाठी १२,००० तास लागतात. पद्धत निराळी असली तरी मागचा विचार तोच आहे. विजेचे काम पुस्तकातून कळते. परंतु ते हातात बसते जाणत्याच्या नजरेखाली.

परीक्षा आणि पुढची पायरी

तारतंत्री परवान्यासाठी मान्य व्यवसाय प्रमाणपत्र असलेल्यांना आणि औपचारिक शिक्षण नसलेल्या अनुभवी कारागिरांना राज्यांच्या नियमांत वेगवेगळे मार्ग ठेवलेले असतात. पहिल्या गटाला परीक्षेत सवलत मिळू शकते. दुसऱ्या गटाला मंडळाच्या परीक्षेतून ज्ञान व हातकाम सिद्ध करावे लागते. पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठीही हेच तत्त्व लागू होते. पदवीधर व पदविकाधारकांना तुलनेने कमी अनुभव पुरतो, तर तारतंत्र्याला अधिक वर्षांचा अनुभव आणि परीक्षा यांद्वारे तेथवर पोहोचता येते. अर्जासोबत सामान्यतः जन्मतारखेचा पुरावा, शैक्षणिक प्रमाणपत्रे, अनुभवाचे दाखले व छायाचित्रे जोडावी लागतात. परवान्याला मुदत असते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरून चालत नाही.

ठेकेदाराच्या परवान्यासाठी व्यक्तिगत पात्रतेखेरीज व्यवसायाची तयारी दाखवावी लागते. पात्र पर्यवेक्षक व तारतंत्री नेमलेले असणे आणि चाचणीची उपकरणे जवळ असणे, या त्यातील प्रमुख बाबी. तारेच्या आवरणाचा रोध मोजणारा मेगर, अर्थिंग तपासणारा अर्थ टेस्टर आणि प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर ही उपकरणे येथे लागतात. घरगुती मांडणीवर एक मिनिट ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन जिवंत तार व जमीन यांच्यातील रोध किमान एक मेगओहम भरला पाहिजे, हा निकष नियमांतच दिलेला आहे. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागला, म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्याला हा निकष पाळता येणार नाही.

शिक्षणाची गरज कोठे दिसते

परवान्याचा हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात मिळते. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. अशा वेळी जिवंत तारेला स्पर्श झाला तर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच माणसाच्या संरक्षणासाठी बसविण्यात येणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरवर तुटण्यासाठी बनविलेली असते. याउलट १६ अँपिअरचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअरच्याही वर प्रवाह गेल्याशिवाय तुटत नाही. तो तारेला जळण्यापासून वाचवितो, माणसाला नाही.

हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो ‘एमसीबी बसवला आहे, आता काळजी नको’ असे ग्राहकाला सांगतो आणि गिझरची हिरवी तार मोकळी सोडून देतो. गिझर चालतो, पाणी तापते, सारे ठीक दिसते. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरते, त्या दिवशी ती मोकळी तार जिवावर बेतते. चुकीच्या वायरिंगचे हेच वैशिष्ट्य आहे. ती वर्षानुवर्षे काम करीत राहते आणि तिची चूक एकाच दिवशी उघड होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक जणांचा बळी जातो. त्यात लाइनवर काम करणारे आहेत, शेतकरी आहेत आणि आपल्या घरात बटन दाबणारेही आहेत.

नोकरी आणि स्वयंरोजगार

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या अस्तित्वात आल्या. महावितरणमधील ‘विद्युत सहायक’ हे पद आयटीआय उत्तीर्ण वीजतंत्री व तारतंत्री यांच्यासाठी मोठी संधी मानली जाते. ही भरती वेळोवेळी जाहिरातीद्वारे होते. उमेदवार प्रथम ठरावीक मानधनावर कंत्राटी कालावधी पूर्ण करतो आणि त्यानंतर नियमित तंत्रज्ञ पदावर सामावून घेतला जातो. रेल्वे, बेस्ट, महापालिका, संरक्षण आस्थापना व खासगी उद्योग यांतही मागणी असते. वीज कंपनीच्या लाइनवर काम करणे आणि ग्राहकाच्या घरात वायरिंग करणे ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. कंपनीतील कर्मचारी कंपनीच्या अधिकारपत्रानुसार काम करतो. ग्राहकाकडचे खासगी काम घ्यायचे, तर ठेकेदाराचा परवाना हवाच.

वर्षानुवर्षे काम करूनही कागद नसलेल्या कारागिरांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची सोय करण्यात आली. तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु ते कौशल्याचे प्रमाणपत्र आहे. त्याने राज्याच्या परवान्याची जागा भरून निघत नाही. अशा कारागिरांनी परवानाधारक ठेकेदाराकडे रीतसर नाव नोंदवून, अनुभव जमवून मंडळाच्या परीक्षेला बसणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

ग्राहकाने काय पाहावे

परवान्याची पद्धत कागदावर राहण्यास ग्राहकही काही अंशी कारणीभूत असतो. घराचे नूतनीकरण करताना फरशीच्या दर्जावर आठवडाभर चर्चा होते आणि वायरिंग मात्र सुताराने सोबत आणलेल्या माणसाकडे सोपविले जाते. काम देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

– ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, त्यावरील क्रमांक व मुदत.
– कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाचे नाव व प्रमाणपत्र.
– अंदाजपत्रकात तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, तसेच भारतीय मानक चिन्हाचा उल्लेख.
– एकदिश नव्हे तर प्रत्येक सॉकेटपर्यंत पोहोचलेले अर्थिंग, तसेच आरसीसीबीची तरतूद.
– काम संपल्यावर मेगर व अर्थिंग चाचणीच्या नोंदी असलेला, स्वाक्षरी केलेला अहवाल.
– कोणती तार कोठून गेली, हे दाखविणारा साधा नकाशा.

चाचणी न करता केवळ स्वाक्षरीसाठी परवाना क्रमांक ‘वापरायला’ देणारे ठेकेदारही बाजारात आहेत. असा अहवाल वीजजोडणी मिळवून देतो, सुरक्षितता देत नाही. ठेकेदाराने आपल्यासमोर उपकरण लावून चाचणी घ्यावी, हा आग्रह ग्राहकाने धरला तर ही पळवाट आपोआप बंद होऊ शकते.

दहावीनंतर या वाटेला लागणाऱ्या विद्यार्थ्याला आयटीआय, उमेदवारी, देखरेखीखालील अनुभव आणि परवाना असे टप्पे पार करीत स्वतःच्या नावाने काम घेईपर्यंत अनेक वर्षे द्यावी लागतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या अटी, शुल्क व परीक्षेच्या तारखा अनुज्ञापक मंडळाकडून किंवा आपल्या जिल्ह्यातील विद्युत निरीक्षक कार्यालयातून पाहून घ्याव्यात. ही वर्षे पुरी करून चाचणी अहवालाखाली सही करणारा वीजतंत्री त्या घराची जबाबदारी स्वीकारत असतो, आणि त्याने दिलेली वर्षे हाच त्या सहीचा आधार असतो.